नव्या ओट्यावरचा नारळ

१४ जून २००८
दूध उतू गेलं. पुसायला पाच मिनिटं, सांध्यांतून काढायला अर्धा तास. आमच्या ओट्याला दोन सांधे: डावीकडे हिरवा मार्बल, मधे काळा कडप्पा, उजवीकडे शहाबादी फरशी. तीन दगड, तीन रंग, उंचीही सारखी नाही. मी दगडाच्या दुकानदाराची बायको. अर्ध्या वर्ध्याचे ओटे ह्यांच्या नालवाडीच्या दुकानातून गेले आणि दुकानामागच्या आमच्या घरात मात्र बावीस वर्षं उरलासुरला माल. सांधा सुईने कोरता कोरता हे सगळं मी मोठ्यानं बोलले. हे पूजेला बसले होते. "पाच फुलं दे," एवढंच म्हणाले. आमचे पाच देव, रोज पाच फुलं. तोंडात स्तोत्र असलं की बायकोला उत्तर द्यावं लागत नाही, फार सोयीचं आहे ते.

१९ जून
आमच्या पोरीला, रेवाला, नागपूरला होस्टेलवर सोडलं. घर आता आठ महिने शांत. तिच्या मैत्रिणीकडे चहाला गेलो. भांडी ठेवायला म्हणून आत गेले आणि तिथेच उभी राहिले. पांढरा ओटा. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत एकही सांधा नाही. हात फिरवला. गार, गुळगुळीत, कुठे अडला नाही. मैत्रिणीची आई म्हणाली, क्वार्ट्झ. दगडाचा चुरा आणि राळेसारखं काहीतरी एकत्र दाबून कारखान्यात लादी करतात.
बसमध्ये सेलू येईपर्यंत तोच ओटा डोळ्यांपुढे. मला तसाच पाहिजे. लिहून ठेवते, म्हणजे नंतर मलाच माघार घेता येणार नाही.

२० जून
जेवताना विषय काढला. "मले एका रंगाचा ओटा पाहिजे. क्वार्ट्झचा. अन् रंग मी पसंत करीन."
ह्यांचा घास हातातच. "ते दगड नाई. डिंकात कालवलेली गिट्टी आहे ते."
"काऊन नाई?"
"दगड जमिनीतून निघते. कारखान्यातून निघते त्याले दगड म्हणत नाई. लोकं काय म्हणतीन? गिऱ्हाइकाले कडप्पा देते अन् स्वतःच्या घरी डिंक लावते?"
वरण वाढलं. जास्त वाढलं.

३ जुलै
आज मजा. दुकानात कुणी कंपनीचा माणूस येऊन गेला, हाताच्या पंज्याएवढा नमुना ठेवून गेला. पांढरा, आत बारीक करडे कण. ह्यांनी तो चलनांवर वजन म्हणून ठेवलाय, चलनं उडू नयेत म्हणून. डबा द्यायला गेले तेव्हा हे गिऱ्हाइकाशी बोलत होते. तुकडा पदराखाली, चलनांवर डब्याचं झाकण. कुणाला पत्ता नाही.

४ जुलै
तुकड्यावर हळद. तासभर. पुसली, गेली.

५ जुलै
चहा, बिनदुधाचा. गेला.
ह्यांनी विचारलं, "डब्याचं झाकण दुकानात कसं राह्यलं?" मी म्हटलं, मले काय माहीत.

९ जुलै
शेजारच्या नलूताई आल्या. त्यांना सगळं सांगितलं. तुकड्यावर मधोमध पेन्सिलची रेघ ओढली, डावा भाग माझा, उजवा त्यांचा. मी जांभळं चिरडून ठेवली. नलूताईंनी घरून तर्री आणली, कालच्या रश्श्याची, वर दोन बोटं तेल. दोघी समोर बसून बघत होतो. पोरी भातुकली खेळतात तशा. जांभूळ थोडं राहिलं, लिंबाच्या सालीनं घासल्यावर तेही गेलं. नलूताई म्हणाल्या, "बाई, हा तर नवऱ्यापेक्षा सोशिक निघाला." इतकं हसलो की ठसका लागला.

१३ जुलै
पकडले गेले. हे पाणी प्यायला आत आले, तुकड्यावर लिंबाची फोड. तसेच दुकानात गेले आणि पांढऱ्या मार्बलचा नि ग्रॅनाइटचा एकेक तुकडा घेऊन आले. तिन्ही ओळीनं मांडले, तिन्हींवर लिंबू पिळलं. म्हणाले, "आता पाह्य. दुपारपर्यंत हात नाई लावायचा."
दुपारी मार्बलवर डाग पडला, चमक गेली. ग्रॅनाइट ठीक. माझा तुकडा जसाच्या तसा. मग तिन्हींवर पाणी टाकलं. मार्बल गडद झाला, ग्रॅनाइट जरासा. माझ्या तुकड्यावर थेंब नुसता बसून राहिला.
"हरले ना?" म्हटलं.
"हारलो कसा? खरा दगड पाणी पिते. हा पाणी पिऊन राह्यला का? मंग हा दगडच नाई."
माणूस हरला तरी जिंकतो तो असा. राग यायला हवा होता, पण त्यांचा चेहरा इतका गंभीर होता की मला हसूच आलं.

२ ऑगस्ट
दुकानात कडप्प्याची गाडी आली. नवा दगड आला की ह्यांची रीत ठरलेली. पहिली लादी उभी करायची, गंध-फूल वाहायचं आणि तिच्याच कोपऱ्यावर नारळ फोडायचा. कोपऱ्याचा टवका उडाला तरी चालतं, कडा पुढे मशीनवर कापायच्याच असतात. टाइलच्या पेट्याही आल्या होत्या, त्यांना नुसतं कुंकवाचं बोट. मी मुद्दाम विचारलं, ह्यांना नारळ का नाही? "टाइल भट्टीतून येते. नारळ दगडाले."
क्वार्ट्झचं नाव मी घेतलं नाही. त्यांनी मात्र माझ्याकडे एकदा पाहिलं.

३० ऑगस्ट, पोळा
बैल बघायला गेलो नाही. कढीगोळ्यांचं पातेलं उतरवून ओट्यावर ठेवलं ते नेमकं सांध्यावर, अर्धं कडप्प्यावर, अर्धं हिरव्यावर. कललं. कढी पायावर. भाजलं फार नाही, पण ओरडले जोरात. हे पूजेतून उठून धावत आले. बादलीत पाय बुडवून ठेवला, स्वतः खाली बसून पाणी बदलत राहिले. 
पुरणपोळ्या नलूताईंनी लाटल्या.
चहाच्या वेळी बघते तर हे टेप घेऊन ओट्याशी. लांबी, रुंदी, खिडकीपासून किती, सगळं तळहातावर पेनानं लिहीत होते. मी झोपल्याचं सोंग घेतलं. रडू आलं, पण चांगलं.

५ सप्टें.
ह्यांच्या अटी:
लादी नागपूरहून यावी, दुकानाचं नाव कुठे नको.
टेम्पो मागच्या गल्लीतून.
"अन् वरून कपडा टाकून आणजो."
मी सगळ्याला हो म्हटलं. लादी नवी सून असल्यासारखी डोक्यावरून पदर घेऊन येईना का, मला काय.

११ सप्टें.
रेवा आणि मी, नागपूरच्या दुकानात दोन तास. तिला गडद हवा होता. "आई, हळदीच्या घरात पांढरा?" मी म्हटलं, पोरी, दहा दिवस परीक्षा घेतलीय त्याची. तोच घेतला, पांढरा, बारीक करड्या कणांचा. भिजलेल्या साबुदाण्यासारखा दिसतो. पावतीवर माझी सही मागितली. सही मी दोनदा गिरवली हे रेवानं पाहिलं, तिनं नंतर आइस्क्रीम खाऊ घातलं.
या घरातलं माझ्या पसंतीचं पहिलं काही. साड्याही ह्यांच्या बहिणीच निवडतात.

१७ सप्टें.
बब्बूभाई माप घ्यायला आले. ह्यांचे वीस वर्षांपासूनचे मिस्त्री. ओट्यावर वर्तमानपत्रं पसरून, चिकटवून, कात्रीनं नेमका आकार कापला. हा कागद नागपूरला जाणार, त्याबरहुकूम लादी कापून येणार. बब्बूभाई म्हणाले, "भाभी, बीस साल भैयाजी का पत्थर बिठाया, आज कागज काट रहा हूँ." हे दारात उभे. "बब्बू, दुकानात कोणाले सांगजो नको."

१ ऑक्टो.
जुना ओटा फोडला. आवाजानं डोकं उठलं. हिरवा निघाला, शहाबादी निघाली. मधला कडप्पा बब्बूभाईंनी अख्खा उचलला आणि उलटा करून भिंतीला टेकवला. मागच्या बाजूला गेरूनं लिहिलेलं, ह्यांचं अक्षर: घरचा. विकणे नाही.
मी विचारलं हे काय.
"दुकान काढलं त्या वर्षीची पहिली गाडी. एकच लादी अशी आली होती, एक रेघ नाई, एक डाग नाई. तीन जणांनी मागितली. तुले ठेवली." हातानं धूळ पुसत, "पुरली नाई म्हणून बाजूले उरलेले तुकडे लावले."
बावीस वर्षं मी उरलासुरला माल म्हणत आले, आणि ह्या माणसानं एकदाही तोंड उघडलं नाही. लादी तुळशीपाशी नेऊन ठेवायला सांगितली, बसायला. हे म्हणाले बरं. मला फार वाईट वाटलं. वाईट वाटूनही नवा ओटा पाहिजेच होता, हेही खरं.

५ ऑक्टो.
आला! मागच्या गल्लीतून, वर सतरंजी. नलूताईंच्या दारात पाच बायका आधीच उभ्या, कसली गुप्तता नि काय. दोन तुकडे असतील असं वाटलं होतं, पण एकच, अख्खा. चौघांनी आडवा करून आत घेतला. बब्बूभाईंनी पातळी लावून पाहिली, बुडबुडा बरोबर मधे.
सगळे गेल्यावर मी गाल टेकवून पाहिला. वेडेपणा. पण टेकवला.

६ ऑक्टो.
ओट्याबरोबर सूचनांचा कागद आलाय. ह्यांनी चष्मा लावून मोठ्यानं वाचला. "गरम भांडं थेट ठेवायचं नाई. वर उभं राह्याचं नाई. कडेवर, कोपऱ्यावर काही आपटायचं नाई." चष्मा काढला. "हा दगड आहे का जावई?"
लाकडी पाट घेतला गरम भांड्यांसाठी. एवढा मान आम्ही खऱ्या जावयालाही देणार नाही.

७ ऑक्टो.
आजची गोष्ट नीट लिहिते. दुपारी आर्वीकडचं एक गिऱ्हाईक दुकानात, नवरा-बायको. बायकोला पांढरं काहीतरी हवं होतं. थोड्या वेळानं हे दोघांना घेऊन थेट माझ्या स्वयंपाकघरात! मी कणीक भिजवत होते, पटकन बाजूला झाले. ह्यांनी वाटीतलं पाणी घेतलं, ओट्यावर थेंब टाकला. "पाह्य, पाणी पीत नाई. हळद टाका, लिंबू टाका. आमच्या घरी दहा दिवस टेस्ट केली."
आमच्या घरी. टेस्ट केली.
मी ओठ घट्ट मिटून कणीक मळत राहिले. ते गेल्यावर हे म्हणाले, "मार्बल घेतलं त्यांनी. पण तुझा ओटा आवडला." आज तुझा ओटा म्हणाले.

९ ऑक्टो., दसरा
कसं लिहू.
सकाळी दुकानात शस्त्रपूजा. कटर, पाना, हातोडी, टेप, सगळ्यांना हळदकुंकू, झेंडूची फुलं. नंतर हे घरी आले. हातात पिशवी, पिशवीत आपट्याची पानं आणि एक नारळ. मला वाटलं देवाचा. हे देवघराकडे गेलेच नाहीत. स्वयंपाकघरात आले, ओट्यावर गंधाचं बोट लावलं, झेंडूचं फूल ठेवलं, सोनं ठेवलं. माझ्याकडे वळून म्हणाले, "नवा दगड आला घरात. रीत आहे."
दगड म्हणाले.
आणि नारळ उचलला. मला कळलं. कोपऱ्यावरच मारणार, दुसरीकडे कुठे मारायचा हे त्या हाताला माहीतच नाही. ओरडायला वेळ होता, खरंच होता. ओरडले नाही. त्यांचा चेहरा बघत राहिले, एवढ्या आनंदानं ह्यांना काही करताना किती वर्षांत पाहिलं नव्हतं. हे कुणाला सांगणार नाही, इथेच लिहिते.
नारळ एका फटक्यात फुटला. कोपराही. अंगठ्याच्या नखाएवढा टवका.
पाणी ओट्यावरून खाली टपकत होतं. हे हातात दोन भकलं घेऊन उभे. "तीनच दिवस झाले ना मले कागद वाचून," एवढंच म्हणाले.

१० ऑक्टो.
काल तासभर खूप राग आला. मग गेला. खोबऱ्याच्या वड्या केल्या, त्याच ओट्यावर थापल्या. छान सुटल्या, तूपही कमी लागलं.
हे जेवले नाहीत नीट.

११ ऑक्टो.
बब्बूभाईंनी कोपरा पाहिला. म्हणाले, "टुकडा रहा तो चिपका दूँगा भाभी, दिखेगा भी नहीं. टुकडा नहीं तो मसाला भरना पड़ेगा, वो दिखेगा." तुकडा शोधला. कपाटाखाली, गहू-तांदळाच्या कोठ्यांमागे, केराच्या टोपल्यात. नाही. हेही बॅटरी घेऊन फ्रिजखाली बघत होते, बराच वेळ. म्हणाले, "गेला असन झाडताना." कोपरा हाताला लागतो, पुसताना फडकं अडकतं.

१५ ऑक्टो.
सकाळी पूजेला सहा फुलं मागितली. देव पाच. म्हटलं वय झालं का तुमचं? "दे ना वं."

१९ ऑक्टो.
दिवाळीची झाडझूड. तुकडा नाही. बब्बूभाईंना मसाला भरायला सांगावं का? ह्यांना विचारलं तर म्हणतात, घाई काय आहे. रेवाचा फोन, तिला सगळं सांगितलं, पाच मिनिटं नुसती हसत होती. म्हणाली, "बाबांनी नारळ फोडला म्हणजे पास केला, आई." मलाही तेच वाटतं, पण फडकं अडकतं ना.

२५ ऑक्टो.
देव घासायला काढले. पूजा ह्यांची, पण दिवाळीच्या आधी देव चिंचेनं घासायचं काम माझं. गणपती, बाळकृष्ण, अन्नपूर्णा, महादेवाची पिंड, देवीचा टाक. ताम्हनात एकेक घेत होते. अन्नपूर्णेच्या मागे आणखी काहीतरी पांढरं.
तुकडा. अंगठ्याच्या नखाएवढा. एक बाजू घासून पॉलिश केलेली, एक बाजू खडबडीत. त्यावर गंधाचं बोट, दोन अक्षता चिकटलेल्या, कालचं फूल.
सोळा दिवस हे त्याला आंघोळ घालताहेत.
चिंचेचे हात तसेच घेऊन बसले. ज्याला दगड म्हणायला तयार नव्हते, त्याला देवात बसवलं, आणि मी कपाटाखाली शोधत असताना स्वतः बॅटरी घेऊन फ्रिजखाली वाकून बसले! चोर माणूस. फार फार लाडका चोर. त्यालाही चिंच लावली, धुतला, पुसला, होता तिथेच अन्नपूर्णेमागे ठेवला.

२८ ऑक्टो., लक्ष्मीपूजन
ओट्यावर कोथिंबिरीच्या सांभारवड्या, चकल्या, शंकरपाळे एकाच वेळी पसरले, तरी जागा उरली. नलूताई बघून म्हणाल्या, "आता मीबी सांगते आमच्या ह्यायले." त्यांच्या ह्यांना आधी नारळाचं सांगून ठेवा म्हटलं.

२ नोव्हें.
बब्बूभाई आले, हातात डबी, आत पांढरा मसाला. रंग जुळवून आणलाय बिचाऱ्यांनी. कोपऱ्याशी धरून पाहिला, जरा पिवळट वाटतो. "भाभी, टुकडा मिला क्या? मिला तो एकदम सही होता."
हे दारात. माझ्याकडे बघत होते, मी त्यांच्याकडे.
"टुकडा..." हे म्हणाले आणि थांबले.
मी म्हटलं, "बब्बूभाई, चहा घ्या आधी." चहा घेतला, फराळ घेतला. तुळशीचं लग्न झाल्यावर बघू म्हणाले, डबी इथेच ठेवून गेले.

३ नोव्हें.
डबी खिडकीत आहे. कोपऱ्याला फडकं अडकतंच. तुकडा देवातून काढून ओट्याला चिकटवावा, की ओटा तसाच ठेवावा, कुणालाच माहीत नाही. विचारायचं कुणाला, तेही कळत नाही.
सकाळी हे पूजेला बसले. फुलं मागायच्या आधीच मी ताटलीत ठेवली. सहा. ह्यांनी मोजली, मग वर पाहिलं. मी कणीक मळायला वळले. आज घंटा बराच वेळ वाजत होती.